गारा साड्यांपासून चिनी दरबारी भरतकामापर्यंत: आमची वाटचाल

आमची सुरुवात पारशी गारा साड्यांच्या दुरुस्तीपासून झाली. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांनी चीनमधल्या कँटनहून आणलेल्या या साड्यांवरचे पॅगोडे, पिओनीची फुलं, क्रौंच सगळं अस्सल चिनी. त्यातूनच संग्राहक चीनच्या चिंग राजघराण्याच्या काळातल्या बाह्यांच्या पट्ट्या आणि अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावरचे भरतकामाचे चौकोन आमच्याकडे पाठवू लागले, आणि कामाची पद्धत बदलावी लागली. गारा नेसायचा असतो, त्यावरची झडलेली पाकळी पुन्हा भरता येते. चौकोनातल्या पक्ष्याची शेपटी चुकीची भरली, तर अधिकाऱ्याचा दर्जाच बदलतो.

चौकोन जोडीनं असत. पाठीवरचा अखंड, छातीवरचा मधोमध उभा दुभागलेला, कारण अंगरखा पुढून उघडतो. लष्करी अधिकाऱ्यांना प्राणी, मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी: पहिल्या दर्जाला क्रौंच, तिसऱ्याला मोर. घोळ होतो तो पाचव्या आणि नवव्या दर्जात. पाचव्याच्या रुपेरी फेजंटच्या शेपटीत पाच दातेरी पिसं असतात, नवव्याच्या स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या शेपटीत दोनच, लांब आणि टोकाला ठिपका असलेली. चिंग काळाच्या अखेरीस पक्षी वेगळा भरून वरून टाचत, म्हणजे बढती मिळाल्यावर तेवढाच बदलता येई. त्यामुळे पक्ष्याच्या कडेला वेगळे टाके दिसले म्हणून वस्तू बनावट ठरवू नये.

सोनेरी धागा म्हणजे रेशमी गाभ्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा वर्ख लावलेली कागदाची पट्टी. पाणी किंवा वाफ लागली की कागद सुटतो, म्हणून असा तुकडा आम्ही धूत नाही. वर जाळी ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरच्या कमी ओढीवर धूळ तेवढी खेचून घेतो. भडक जांभळे-गुलाबी धागे बहुधा १८५६ नंतरच्या कृत्रिम रंगांचे. ते ओलाव्यानं फुटतात. काळे-तपकिरी धागे रंगातल्या लोहामुळे सर्वांत आधी झडतात आणि मागे नुसती सुईची भोकं उरतात. ती आम्ही भरत नाही. जुळत्या रंगात रंगवलेलं रेशमी क्रेपलाइन (अगदी पातळ, पारदर्शक कापड) वर पसरून केसाएवढ्या बारीक रेशमी धाग्यानं टाचतो. भोकांच्या खुणांवरून मूळ आकृती वाचता येते, ती पुसायचा हक्क दुरुस्ती करणाऱ्याला नाही.

पाठीला खळीनं चिकटवलेला कागद असेल तर मुंबईच्या पावसाळ्यात कसर हमखास लागते. महिन्याला एकदा तरी उलटून पाहावं. गारा घडी न घालता, भरतकाम बाहेरच्या बाजूला ठेवून जाड नळीवर गुंडाळावा, वर खळ काढलेली मलमल. चौकोन सपाट ठेवावेत. भिंतीवर लावायचाच असेल तर उजेड ५० लक्सच्या आत हवा, आणि काच कापडाला टेकू नये.