पेल्याचा काठ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. पहिल्या मजल्याच्या टोकाला असलेली चित्रकलेची खोली आणि तिथे आठवड्यातून दोनदा भरणारा पस्तीस मिनिटांचा तास हाच माझ्या शालेय जीवनातला सर्वांत ठळक भाग आहे. मी पुढे चित्रकार झालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. उभी हयात लेखापरीक्षणात काढून आता निवृत्त झालो आहे.

सातवीत असताना एकदा बाईंनी टेबलावर अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवला आणि तो समोर दिसतो तसा काढायला सांगितला. मी वरचा काठ लंबगोल काढला आणि तळाशी पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ मारून मोकळा झालो. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘‘तळ सरळ कसा?’’ मी म्हटले, ‘‘बाई, पेला टेबलावर सपाट बसलाय.’’ त्यांनी चित्राला हात लावला नाही. मला टेबलाजवळ नेऊन गुडघे वाकवायला लावले आणि डोळे काठाच्या पातळीवर येईपर्यंत खाली बसवले. काठाचा लंबगोल मिटत मिटत एक रेघ होऊन गेला. मग हळूहळू उभे राहायला सांगितले. ती रेघ पुन्हा उघडली, तिच्या खाली पाण्याची कड काठापेक्षा थोडी अधिक गोल दिसू लागली आणि तळाची कड त्याहूनही गोल. ‘‘तुला माहीत होतं ते तू काढलंस. आता दिसतंय ते काढ,’’ एवढेच बोलून त्या पुढच्या बाकाकडे गेल्या.

मुले पाहिलेले नव्हे, तर माहीत असलेले काढतात, हे जॉर्ज-आन्री ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने स्वतःच्या मुलीच्या चित्रांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन 1913 साली मांडले होते, हे मी फार उशिरा वाचले. बाईंनी ते वाचले होते की नाही, मला कल्पना नाही. पन्नासेक मुलांच्या वर्गात एकाच्या तळरेघेसाठी त्यांनी चार मिनिटे खर्च केली, याचे मोल मात्र मला आज अधिक कळते.

माहीत असलेले आणि प्रत्यक्ष दिसणारे वेगळे ठेवण्याची ही सवय मला पुढे खतावण्या तपासताना उपयोगी पडली, असे इथे लिहिणे सोयीचे झाले असते. तसे काही झाले असल्यास मला ते सिद्ध करता येणार नाही आणि पुराव्याशिवाय शेरा मारण्याची माझी पद्धत नाही. कलाशिक्षणाची बाजू मांडणारे पुष्कळदा नेमकी हीच चूक करतात. चित्रकलेने गणित सुधारते, संगीताने गुण वाढतात, म्हणून शाळेत कला हवी, असे ते सांगतात. हार्वर्ड विद्यापीठातील प्रोजेक्ट झीरो या संशोधनगटातर्फे एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्गात नाट्य करून घेतल्याने मुलांची भाषा सुधारते आणि संगीताचा अवकाशविषयक आकलनाशी संबंध दिसतो, याला त्यात आधार मिळाला. पण कला शिकवल्यामुळे परीक्षेतले एकूण गुण वाढतात, याला भरवशाचा पुरावा सापडला नाही. मला त्यात निराश होण्यासारखे काही वाटले नाही. भूगोल शिकवल्याने व्याकरण सुधारते का, असे कोणी विचारत नाही; मग चित्रकलेनेच गणिताच्या ओसरीवर आश्रिताप्रमाणे का बसावे? संयुक्त राष्ट्रांनी 20 नोव्हेंबर 1989 रोजी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या 31व्या कलमात सांस्कृतिक आणि कलाविषयक जीवनात सहभागी होण्याचा मुलाचा हक्क मान्य केला आहे, आणि त्याला गुणपत्रिकेची अट जोडलेली नाही.

दहावीच्या वर्षी आमचा चित्रकलेचा तास दिवाळीनंतर गणिताला देण्यात आला. कोणी विचारले नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. वेळापत्रकाच्या तक्त्यावर वर्षअखेरपर्यंत ‘चित्रकला’ असेच लिहिलेले होते, ही गोष्ट लेखापरीक्षक म्हणून मला अजून खटकते. मुख्य विषयांचा अभ्यासक्रम मागे पडला की पहिली कुऱ्हाड कुठे पडणार, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते.

संगीताची माझी आठवण वेगळी आहे. स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मी दुसऱ्या रांगेत होतो. तालमीत माझा सूर लागेना, तेव्हा मला सांगण्यात आले, ‘‘तू नुसते ओठ हलव.’’ मी कार्यक्रमभर इमानेइतबारे ओठ हलवले, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर आजवर चारचौघांत कुठल्याही प्रार्थनेत तेच करत आलो. सूर न लागणाऱ्या मुलाला सूर लावायला शिकवण्याची जागा म्हणजे संगीताचा तास. तो तास आम्हाला नव्हता. पेटी वर्षभर कपाटात असे आणि संमेलनापूर्वी पंधरा दिवस बाहेर निघे. संमेलनात गाणारी, नाचणारी आणि नाटकात बोलणारी तीच दहा-बारा मुले दरवर्षी असत, उरलेले आम्ही टाळ्या वाजवायला. संमेलन झाले म्हणजे कलाशिक्षण झाले, हा समज अजूनही पुसला गेलेला नाही.

महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून नवा रंगमंच आणि ध्वनियंत्रणा करावी, असा प्रस्ताव आहे. मी त्याच्या विरोधात नाही. परंतु बांधकामावर नामफलक लागतो म्हणून बांधकामासाठी पैसा जमतो, आणि कागद-रंग संपून जातात म्हणून त्यांच्यासाठी जमत नाही, हे मी अनेक संस्थांच्या ताळेबंदांत पाहिले आहे. कला जगते ती संपणाऱ्या वस्तूंवर आणि वेळेवर. वेळेचा हिशेब तर साधा आहे. पस्तीस मिनिटांच्या रंगकामाच्या तासात साहित्य मांडायला दहा आणि ब्रश धुऊन आवरायला दहा मिनिटे जातात. हातात उरतात पंधरा. दोन तास सलग जोडले, तर आवराआवर तेवढीच राहते आणि रंगवायला पन्नास मिनिटे मिळतात, म्हणजे तिपटीहून अधिक. यासाठी पैसाही लागत नाही, फक्त वेळापत्रक करणाऱ्याचे मन वळवावे लागते.

म्हणून माझी देणगी मी कागद, रंग, माती आणि पेटीची दुरुस्ती यांवर दरवर्षी खर्च करण्यासाठीच दिली आहे. खोलीतच एक नळ आणि मोरी बसवावी, म्हणजे ब्रश धुवायला मुलांना जिना उतरावा लागणार नाही, असेही कळवले आहे. भिंतीवर निवडक दहा चित्रांऐवजी आळीपाळीने सगळ्या वर्गाची चित्रे लागावीत, ही विनंती आहे. महोत्सवात माजी विद्यार्थी समूहगीत म्हणणार आहेत आणि मीही नाव दिले आहे. तालमी लवकर सुरू कराव्यात. माझा सूर लागायला वेळ लागेल.