भरती नसलेल्या समुद्राकाठी

पालेओखोरा, क्रीट बेट, ग्रीस. सप्टेंबरअखेर.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नसल्यातच जमा, हे शाळेपासून माहीत होतं. चहूबाजूंनी जमीन, अटलांटिकशी संबंध काय तो जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून. पण माहीत असणं वेगळं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ पाण्याची कड त्याच दगडांशी बघणं वेगळं. इथे खानावळीवाले टेबलं पाण्यापासून चार पावलांवर मांडतात आणि रात्री तशीच ठेवून घरी जातात. हर्णैला असं करायची कोणाची छाती होणार नाही.

माझं माहेर हर्णैचं. आबांचा सगळा जन्म मासेमारीत गेला. घड्याळ वाचायच्या आधी त्यांनी मला भरतीचा हिशेब शिकवला: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती. पुण्यात इतकी वर्षं राहूनही कॅलेंडरवर तिथी दिसली की हा गुणाकार मनात होतोच. परवा भाद्रपदी पौर्णिमा होती. चंद्र गावाच्या पूर्वेला, गोट्यांच्या किनाऱ्यासमोरच्या डोंगरांवरून वर आला. मी सव्वाअकरापर्यंत तिथे बसून होते. पाणी होतं तिथेच होतं. मला ते सुंदर वाटलं आणि थोडं पोरकंही वाटलं, दोन्ही एकदम.

गाव म्हणजे लिबियन समुद्रात, भूमध्याच्याच एका भागात, घुसलेली जमिनीची जीभ. पश्चिमेला वाळू आणि झाऊची झाडं, पूर्वेला गोटे. वारा एका बाजूने सुटला की माणसं पंचे उचलून दुसऱ्या बाजूला जातात. मधलं अंतर पायी काही मिनिटांचं. टोकाला व्हेनिसच्या लोकांनी तेराव्या शतकात बांधलेला किल्ला आहे. १५३९मध्ये ऑटोमन आरमाराचा प्रमुख बार्बारोसा याने तो उद्ध्वस्त केला. आता तटाच्या भिंती आणि गवत, पण बसायला जागा फार चांगली आहे.

दुपारी ३ ते ५.३० गाव गप्प असतं. ग्रीसमध्ये ही शांतता नियमानेच ठरलेली आहे, उन्हाळ्यात ही वेळ आणि रात्री ११ ते सकाळी ७. या वेळात मोठ्याने गाणी लावायची नाहीत, ठोकाठोकी करायची नाही. दुपारी झोपणाऱ्याचा हक्क सरकारने लिहून ठेवावा, हे मला फार आवडलं. समोरच्या गच्चीवर गवंडीकाम चालू आहे. तीन वाजले की थापी बादलीत, माणसं गायब. समुद्र वेळ सांगत नाही, ते काम इथे ही दुपार करते. मीही आता घड्याळ बघत नाही.

काल जेवताना एक गंमत झाली. व्लीता नावाची पालेभाजी मागवली होती. बशीत उकडलेली गडद हिरवी पानं, कोवळ्या देठांसकट, दोन लहान दुधीसारख्या झुकिनी, बशीच्या कडेला साचलेलं ऑलिव्हचं तेल आणि लिंबाची अर्धी फोड. पहिला घास घेतला आणि हात थांबला. हा तर माठ! चव तीच, देठाचा किंचित मातकट गोडवाही तोच. खानावळीच्या बाईंना फोनवर माठाच्या जुडीचा फोटो दाखवला, तर त्यांनी आत जाऊन न शिजवलेली एक जुडी आणून माझ्यापुढे धरली. राजगिरा, माठ, व्लीता, सगळी एकाच कुळातली. आपण लसूण-मिरचीवर परतून वर खोबरं घालतो, त्या नुसतं मीठ-तेल-लिंबू. मला त्यांची पद्धत जास्त पटली, आईला हे सांगणार नाही.

आज पूर्वेकडच्या पायवाटेने लांबवर गेले. चुनखडीच्या कड्यांवर, माझ्या डोक्याच्या बरीच वर, एक आडवी खाच दिसते. कोणी तासणी लावून ओढावी तशी सरळ. तिच्या खाली दगडात बोट जाईल एवढी गोल भोकं आहेत. समुद्राच्या पाण्यात राहणारे शिंपले दगड पोखरून ती करतात. म्हणजे पाणी एके काळी तिथवर होतं. पण पाणी उतरलेलं नाही, जमीन वर आली आहे. इसवी सन ३६५मध्ये, २१ जुलैला, इथे प्रचंड भूकंप झाला. त्याची लाट पार अलेक्झांड्रियापर्यंत गेली. बहुतेक अभ्यासक पश्चिम क्रीटचं उचललं जाणं त्याच भूकंपाशी जोडतात. या नैऋत्य टोकाला जमीन ९ मीटरपर्यंत वर आली. वायव्येला फलासार्ना इथलं प्राचीन बंदर आज कोरड्या जमिनीवर आहे. आणि खाच एवढी रेखीव राहिली त्याचं कारण पुन्हा तेच: रोज वरखाली होणारं पाणी असतं तर कातळ मोठ्या पट्ट्यात झिजला असता. इथे पाणी शतकानुशतकं एकाच रेषेवर झिजवत बसलं.

संध्याकाळी आबांना फोन केला. भरती नाही म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मग होड्या वर कशा घेतात गो?" बरोबरच आहे. आपल्याकडे उधाणाच्या पाण्यावर होडी वर घ्यायची, ओहोटीला तळ उघडा पडला की कालवं खरवडायची. मी बंदरात बघून ठेवलं होतं: चाकांचा लोखंडी गाडा उतारावरून पाण्यात सोडतात, होडी त्यावर चढवतात आणि यंत्राच्या दोराने ओढतात.

"म्हणजे कधीही काढता येते?"

"हो आबा, कधीही."

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि ती रेघ किती वर म्हणालीस?"

नऊ मीटर म्हणजे हर्णैची तीन मोठी उधाणं एकावर एक. हा हिशेब त्यांनीच केला, मी नाही. त्यांना फोटो हवा आहे, पण नुसत्या कड्याचा नको. खाली एखादी होडी आली पाहिजे, म्हणजे उंची कळेल. उद्या पूर्वेकडच्या सूया गावाला जाणाऱ्या बोटीने जायचं ठरवलं आहे. ती किनाऱ्याच्या कडेने जाते.