कोलंबियाच्या खिडक्या

फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरला लोक जातात ते अटलांटिस हे नासाचं निवृत्त अंतराळयान पाहायला. मीही त्यासाठीच ऑरलँडोहून पुतणीबरोबर गेलो होतो. पण सर्वांत जास्त वेळ थांबलो ते त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, मंद उजेडाच्या एका दालनात. तिथे अपघातात गेलेल्या दोन यानांचे अवशेष आहेत: चॅलेंजरचा, अमेरिकेचा झेंडा रंगवलेला पत्रा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी. काचा नाहीत.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार, संध्याकाळी साडेसातचा सुमार. कल्पना चावला कोलंबियातून परत येणार म्हणून घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर. उतरायला १६ मिनिटं उरली असताना टेक्ससच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. या चौकटींमागेच, दोन वैमानिकांच्या पाठीशी, त्यांची जागा होती.

कारण कळलं ते फोमचं. उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला इंधनाच्या टाकीवरच्या फोमच्या आवरणाचा पाऊण किलोचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. पुढे चौकशी मंडळाचा अहवाल वाचला, तेव्हा एक तारीख मनात रुतली ती कायमची: १९ फेब्रुवारी २००४.

अंतराळ स्थानकाचा खर्च अब्जावधी डॉलरनी वाढला होता, अमेरिकी काँग्रेस नाराज होती. व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयातून शॉन ओकीफ नासाचे प्रमुख होऊन आले. त्या तारखेला 'नोड २' हा स्थानकाचा भाग वर न्यायचा, म्हणजे अमेरिकेच्या वाट्याचं मुख्य बांधकाम पूर्ण, असं ठरलं. व्यवस्थापकांना एक स्क्रीनसेव्हरही पाठवला गेला. किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद उरले, ते तो दाखवायचा. माणसं रोज ते आकडे उतरताना बघत होती!

ऑक्टोबर २००२ मध्ये टाकीच्या त्याच भागातला फोम निखळून शेजारच्या बूस्टर रॉकेटवर आदळला होता. ते उड्डाण होतं अटलांटिसचं, माझ्या डोक्यावर टांगलेल्या याच यानाचं. ते गंभीर मानलं असतं, तर पुढची उड्डाणं अडली असती. मानलं नाही. कोलंबिया १६ दिवस वर होतं. पंखाची छायाचित्रं उपग्रहांकडून मिळवा, असं अभियंते सांगत होते. तेही झालं नाही. मला याचा आजही संताप येतो.

"काका, निघायचं?" पुतणीने हळूच विचारलं.

मी पुन्हा वर, अटलांटिसपाशी गेलो. पंखाच्या पुढच्या कडेला राखाडी तुकडे ओळीने जोडलेले असतात. धडापासून मोजत आठव्यापाशी थांबलो. कोलंबियाच्या डाव्या पंखाला भोक पडलं ते तिथे.