पाण्यावर थांबलेला थेंब

काकूंनी वेताची झाकणाची टोपली टेबलावर ठेवली आणि झाकण उघडण्याआधीच मला सांगितले, "डॉक्टर, काल ज्यांना दाखवलं ते म्हणाले, हिला कायमचं झोपवा. मी मनाची तयारी करूनच आलेय. पण त्याआधी तुम्ही एकदा हात लावून बघा." जुलै २०२२ मधली ती सकाळ होती. पुण्यात पावसाची झड लागलेली असल्यामुळे दवाखान्यात एरवीसारखी गर्दी नव्हती, आणि त्या दिवशी एकाच रुग्णाला इतका वेळ देता आला याचे बरेचसे श्रेय त्या पावसालाच आहे.

टोपलीत आठ महिन्यांची चिंगी नावाची मांजर होती. वजन दोन किलो शंभर ग्रॅम, आणि त्यातले बरेचसे पोटातल्या पाण्याचे. पाठीचे मणके बोटांना एकेक लागत होते, पोट मात्र टम्म फुगलेले. एका बाजूने टिचकी मारली की दुसऱ्या बाजूच्या तळव्याला लाट जाणवत होती. हिरड्यांवर पिवळसर झाक होती. ताप १०४.२ अंश फॅरनहाइट होता आणि सहा दिवस प्रतिजैविके देऊनही तो हललेला नव्हता. तरुण मांजर, औषधाला दाद न देणारा ताप, पोटात पाणी आणि झपाट्याने झडणारे अंग हे चित्र समोर आले की आमच्या व्यवसायातल्या कोणाच्याही मनात पहिले नाव येते ते एफआयपीचे, म्हणजे फिलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिसचे. आदल्या दिवशीच्या डॉक्टरांच्याही मनात तेच आले असणार आणि त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता, हे मला आधीच सांगून टाकले पाहिजे.

हा आजार मांजरांमधल्या कोरोना विषाणूमुळे होतो. या विषाणूचा माणसांच्या कोविडच्या विषाणूशी संबंध एका मोठ्या कुळातल्या दूरच्या नातेवाइकांइतकाच आहे. एकत्र राहणाऱ्या मांजरांमध्ये तो विष्ठेतून सहज पसरतो आणि बहुतेकींना जुलाबापलीकडे काहीही करत नाही. थोड्या मांजरांमध्ये मात्र त्या मांजराच्याच शरीरात विषाणूत बदल घडतो, आतड्यात राहणारा विषाणू मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरून वाढू लागतो आणि रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्यांतून प्रथिनांनी भरलेला द्रव पोटात किंवा छातीत पाझरतो. बोस्टनच्या डॉ. जीन होल्झवर्थ यांनी १९६३ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्याच्या निदानाचा अर्थ एकच होता.

मी पोटातून सुईने थोडा द्रव काढला. तो गवती पिवळा, पारदर्शक आणि इतका चिकट होता की सुईच्या टोकाशी त्याची तार धरली गेली. त्यानंतर मी रिव्हाल्टा चाचणी मांडली. फॅबिओ रिव्हाल्टा या इटालियन संशोधकाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर माणसांसाठी शोधलेली ही चाचणी आज प्रामुख्याने मांजरांच्या डॉक्टरांनीच जिवंत ठेवली आहे. तिला ना यंत्र लागते, ना महाग रसायन. परीक्षानळीत आठ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्यायचे, त्यात तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब मिसळायचा आणि वरून पोटातल्या द्रवाचा एक थेंब अलगद सोडायचा. थेंब विरघळून पाणी स्वच्छ राहिले तर चाचणी निगेटिव्ह. तो आपला आकार राखून पृष्ठभागाला चिकटून राहिला, किंवा जेलीफिशसारखा तंतू सोडत सावकाश खाली उतरला, तर पॉझिटिव्ह. चिंगीचा थेंब पाण्यावर थांबला आणि लोंबत राहिला.

काकू खुर्चीवरून उठून नळीकडे पाहत होत्या. "हे वाईट का?" त्यांनी विचारले. मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही, कारण २०१४ साली असाच थांबलेला थेंब पाहून मी फार लवकर उत्तर दिले होते.

त्या वेळी एक बोका होता. पोटात पाणी होते, वजन उतरलेले होते, चाचणी पॉझिटिव्ह आली आणि मी घरच्यांना सांगितले की हा एफआयपी आहे, याला उपाय नाही, हाल होऊ देण्यापेक्षा याला शांतपणे जाऊ द्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तासाभरात सगळे संपले. उपाय नाही हे माझे म्हणणे त्या काळी खरेच होते. जपानमधून २००४ साली मांजरांच्या ओमेगा इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाने बारापैकी चार मांजरे पूर्ण बरी झाल्याचा आशादायक अहवाल आला होता, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि त्या मांजरांना एफआयपीच होता याची पक्की खात्रीही नव्हती. पुढे २००७ मध्ये जर्मनीत ३७ मांजरांवर तेच औषध आणि निष्क्रिय द्रव यांची रीतसर तुलना झाली तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही; मध्यक आयुर्मान अवघे नऊ दिवस भरले. तेव्हा उपचारांबाबत माझे काही चुकले नव्हते. चुकले ते निदानाबाबत, किंवा नेमके सांगायचे तर निदानाविषयीच्या माझ्या खात्रीबाबत.

या चाचणीचा अभ्यास म्युनिकच्या विद्यापीठात दोनदा झाला आहे. पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या मांजरांच्या २००३ सालच्या अभ्यासात, चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ मांजरांना खरोखर एफआयपी होता आणि निगेटिव्ह आलेल्या शंभरांपैकी ९७ जणींना नव्हता. त्याच गटाने २०१२ मध्ये पुन्हा पाहिले तेव्हा दुसरा आकडा ९३ वर टिकला, पहिला मात्र ५८ वर घसरला. म्हणजे ही चाचणी आजार नाही हे सांगण्यात पक्की आणि आहे हे सांगण्यात कच्ची आहे. जिवाणूंमुळे झालेला पोटाचा संसर्ग आणि लिम्फोमा हा कर्करोग, या दोन्हींतला द्रव तसाच थेंब धरतो. हे दोन आजार वेगळे काढले, किंवा दोन वर्षांच्या आतल्याच मांजरांचा विचार केला, तर चाचणीवर अधिक भरवसा ठेवता येतो, हेही त्या दुसऱ्या अभ्यासातच आहे. पोटाचा जिवाणूसंसर्ग बरा होऊ शकतो आणि लिम्फोमालाही काही काळ आटोक्यात ठेवता येते. एफआयपीची मात्र २०१४ साली थेट मृत्यूशीच गाठ होती, आणि म्हणून तो शब्द उच्चारण्याआधी मी आणखी अर्धा तास घ्यायला हवा होता.

चिंगीसाठी तो अर्धा तास मी घेतला. द्रवाची काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गुलाबीसर प्रथिनांच्या दाट पार्श्वभूमीवर मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या सुस्थितीतल्या पांढऱ्या पेशी विखुरलेल्या होत्या. जिवाणू एकही नव्हता, आणि लिम्फोमात दिसतात तशा मोठ्या, एकसारख्या, अपक्व पेशीही नव्हत्या. प्रथिनमापकावर द्रवातली प्रथिने दर शंभर मिलिलिटरमागे ६.२ ग्रॅमवर होती. दुपारी रक्ताचा अहवाल आला, त्यात अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन या रक्तातल्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर ०.३ होते. ते ०.८ च्या वर असते तर एफआयपी बहुधा नाही असे म्हणता आले असते, ०.४ च्या खाली संशय बळावतो. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होत्या, काविळीत वाढणारे बिलिरुबिन वाढलेले होते. द्रवाची आरटी-पीसीआर चाचणीही करता आली असती, परंतु तिच्या अहवालाची वाट पाहण्याइतके दिवस चिंगीच्या हाती आहेत असे मला वाटले नाही. यातला कोणताही एक पुरावा एकटा पुरेसा नव्हता. ते सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते, आणि त्यांच्या एकत्रित बळावर मी काकूंना फोन करून संध्याकाळी बोलावले.

संध्याकाळी त्या मुलाला घेऊन आल्या. मी त्यांना आजाराचे नाव सांगितले आणि लगोलग पुढचेही सांगितले, कारण त्या नावानंतरची शांतता किती जड असते हे मला माहीत होते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील डॉ. नील्स पेडरसन यांनी आयुष्यातली अनेक दशके या एका आजाराच्या मागे घालवली. त्यांच्या गटाने २०१९ मध्ये जीएस-४४१५२४ या विषाणूरोधक रेणूचा प्रयोग नैसर्गिकरीत्या आजारी पडलेल्या ३१ पाळीव मांजरांवर केला. पाच मांजरे वाचली नाहीत. उरलेल्या २६ मांजरांनी किमान बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण केला. काहींचा आजार उलटला, तेव्हा उपचार पुन्हा करावे लागले, पण बहुतेक मांजरे दीर्घकाळ जगली. या प्रयोगात निष्क्रिय औषधाचा गट नव्हता, आणि एरवी मी त्याला उणीव म्हटले असते. ज्या आजारात उपचारांविना मांजरे काही दिवसांत किंवा आठवड्यांत मरतात हे आधीच्या चाचण्यांनी नोंदवून ठेवले आहे, तिथे मात्र तुलनेसाठी तो इतिहासच पुरेसा होता असे माझे मत आहे.

"ते औषध इथे मिळतं?" मुलाने विचारले. तो रेणू तेव्हा इथल्या औषधांच्या दुकानात मिळत नव्हता. जगभर तो चोरट्या मार्गाने विकला जात होता आणि कुपीत नेमके काय व किती आहे याची खात्री नसलेली वस्तू मला टोचायची नव्हती. पण त्याच रेणूचे एक रूपांतर इथे रीतसर मिळत होते. ते शरीरात गेल्यावर पुन्हा मूळ जीएस-४४१५२४ मध्ये बदलते. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधले पशुवैद्य ते एफआयपीसाठी वापरूही लागले होते. मी त्याचे नाव सांगितले, रेमडेसिविर.

काकूंनी मुलाकडे पाहिले. मुलाने मान खाली घातली. "मागच्या वर्षी एप्रिलमध्ये हा यांच्यासाठी त्याच इंजेक्शनच्या रांगेत दोन रात्री उभा होता," त्या म्हणाल्या. "मिळालं तोवर उशीर झाला होता." त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "आता मिळतं ना?" आता मिळते, मी म्हटले. मुलगा चिठ्ठी घेऊन निघाला आणि चाळीस मिनिटांत शंभर मिलिग्रॅमची कुपी घेऊन परतला.

तोंडावाटे देण्याच्या मोल्नुपिरावीरचाही मी विचार केला होता, कारण जानेवारीपासून त्याच्या कॅप्सूल सहज मिळत होत्या. परंतु मांजरांमधला त्याचा अभ्यास तेव्हा फारच तोकडा होता, आणि काकूंची सून गरोदर होती. गरोदरपणात वर्ज्य असलेल्या औषधाची कॅप्सूल त्या घरात फोडून भुकटीचे भाग करणे मला मान्य नव्हते. रेमडेसिविर माणसांसाठी मंजूर आहे, मांजरासाठी त्याचा वापर मी माझ्या जबाबदारीवर करत आहे, पहिल्या काही दिवसांत मांजर दगावूही शकते आणि ८४ दिवस रोज टोचावे लागेल, हे सगळे कागदावर लिहून मी दोघांची सही घेतली. काकूंनी तो कागद दोनदा वाचला आणि एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करून मग सही केली.

त्या रात्री मी २०१४ ची नोंदवही काढली. बोक्याचे वय सात वर्षे लिहिलेले होते. खाली 'रिव्हाल्टा पॉझिटिव्ह' अशी माझ्या अक्षरातली ओळ होती. काचपट्टीची नोंद नव्हती, कारण काचपट्टी मी केलीच नव्हती. त्याला काय झाले होते हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

रेमडेसिविरचे इंजेक्शन त्वचेखाली देताना चुरचुरते. चिंगी पहिले तीन दिवस गप्प पडून होती म्हणून तिने ते सोसले. चौथ्या दिवशी ताप उतरला, तिने मासा खाल्ला आणि माझ्या मनगटावर पंजा मारला. तेव्हापासून टोचण्याआधी मी तिला वेदनाशामक गॅबापेंटिन देऊ लागले. तेराव्या दिवशी पोटातला द्रव पुन्हा तपासावा म्हणून मी सोनोग्राफी केली, तर सुई घालण्याइतका द्रव कुठेही सापडला नाही.

घरी दुसरा एक बोका होता. त्याला हा आजार लागेल का, असे काकूंनी विचारले तेव्हा मी सांगितले होते की साधा कोरोना विषाणू त्याच्या पोटात बहुधा आधीच असेल, पण आजार घडवणारे बदललेले रूप सहसा एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात नाही. कुत्र्यांच्या कोरोना विषाणूशी जनुकांची देवाणघेवाण झालेला एक प्रकार २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजरांतून मांजरांत पसरताना आढळला. त्यानंतर मी हे उत्तर जरा अधिक जपून देते.

काकूंनी शाळेची दोनशे पानी वही केली होती. रोजचा ताप, वजन, खाणे, इंजेक्शनची वेळ आणि कोणत्या बाजूला टोचले, हे सगळे त्या रकान्यांत भरत. एकतिसाव्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि वजनाच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. चिंगी दोन किलो सातशेवर गेली होती आणि मी मात्रा चार दिवसांपूर्वीच्या वजनावरच चालू ठेवली होती. वाढत्या वयाच्या मांजरात मात्रा वजनामागे राहिली तर आजार उलटण्याची वाट मोकळी होते. हे मला माहीत असूनही माझ्या हातून सुटले होते. त्या दिवसापासून वजन आधी आणि सिरिंज नंतर, असा क्रम काकूंनीच लावून दिला.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी रक्तातल्या त्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर ०.९ होते, वजन तीन किलो तीनशे. इंजेक्शन थांबवले आणि पुढचे बारा आठवडे नुसते लक्ष ठेवायचे ठरले, कारण आजार उलटला तर बहुधा याच काळात उलटतो. वहीतल्या नोंदी तशाच चालू राहिल्या. जानेवारीत काकू शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा घरात तीन महिन्यांची नात होती आणि वहीची मागची पाने तिच्या वजनाने भरू लागली होती. चिंगीच्या पानांची छायाप्रत काढून त्यांनी मला दिली. ती माझ्या फायलीत आहे, वर स्टेपलरने जोडलेल्या काचपट्टीच्या नोंदीसकट.