मराठी गेमिंग मीम्स अपडेट: बोनफायर झालं, सीजे झाला, शिरोरेषेचा प्रश्न पण सुटला

मंडळी, अपडेट देतोय. मुंबईच्या रोजच्या जगण्यावर गेमिंग मीम्सची जी सीरिज चालू आहे त्यातले तीन मीम पूर्ण झालेत आणि चौथ्याचं काम चालू आहे. नियम एकच ठेवलाय, गेममध्ये ती गोष्ट जशी चालते तशीच मीममध्ये चालली पाहिजे. नुसता स्क्रीनशॉट उचलून खाली काहीतरी लिहिलेलं ज्याने गेम खेळलाय त्याला लगेच कळतं, आणि मग त्यात मजा राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ डार्क सोल्स या गेमवाल्याने खाल्ला. बोनफायर, म्हणजे त्या गेममधली विसाव्याची शेकोटी, म्हटलं की सगळे चहाची टपरी टाकतात, ठीके, पण बोनफायरचा खरा खेळ वेगळाच आहे ना, तिथे बसलं की हेल्थ भरते, एस्टस फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरणाऱ्या बाटल्या, भरतात, आणि त्याच वेळी मागे मारून आलेले सगळे शत्रू परत उभे राहतात. हे टपरीला लागू पडत नाही, रविवारला पडतं! दुपारी वरण-भात हाणून माणूस आडवा झालाय, हेल्थ फुल्ल, आणि सोमवारी सकाळी डोळे उघडतो तर शनिवारी घासलेली भांडी, धुतलेले कपडे, उत्तरं दिलेले मेल, आठ चौदाची लोकल, सगळे आपापल्या जागी परत हजर. यावर डोंबिवलीच्या मित्राने एकदम बरोबर मुद्दा काढला की भाई, डार्क सोल्समध्ये एकदा मारलेला बॉस बोनफायरने परत येत नाही, मग ऑफिसचा बॉस सोमवारी कसा काय आला? मी म्हटलं आपण त्याला अजून हरवलेलंच नाहीये, म्हणून. हीच दोन वाक्यं आता शेवटच्या पॅनलला आहेत आणि मला सगळ्या सीरिजमध्ये तोच पॅनल आवडतो. ताईने आयुष्यात एक गेम खेळलेला नाही, तिला पण रविवारवाला लगेच कळला, म्हणजे जमलंय.

आता सीजेचं, म्हणजे जीटीए सॅन अँड्रियास गेमच्या हिरोचं सांगतो. सॅन अँड्रियास आला २००४ मध्ये, पण गल्लीत उभं राहून त्याचं ते 'हिअर वी गो अगेन' सगळीकडे पसरलं २०१९ ला, ग्रीन स्क्रीनवाल्या क्लिपमुळे. आता लोक ते कुठल्याही कंटाळ्याला चिकटवतात. पण तो सीन परत येण्याचा आहे, आई गेली म्हणून पाच वर्षांनी लॉस सँटोसला आलेला माणूस, पोलिसांनी वाटेत टॅक्सी अडवून उचललेला आणि दुसऱ्या गँगच्या एरियात सोडलेला. म्हणून माझा सीजे गणपती करून कोकणातून परत आलाय, पहाटे ठाण्याला उतरलाय, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात नारळांची पिशवी, आणि समोर रिक्षाची लाईन. डायलॉग लिहिलाच नाही, गरजच नाही.

'जीटीए ६ च्या आधी' वाला, म्हणजे तो गेम येईपर्यंत काय काय होऊन गेलं याचा जोक, तर मुंबईनेच लिहून दिला राव. पहिला ट्रेलर आला डिसेंबर २०२३ ला. त्यानंतर जानेवारी २०२४ ला अटल सेतू, मार्चमध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा, आणि ऑक्टोबर २०२५ ला मेट्रो ३ पार कफ परेडपर्यंत पोचली. तीन फोटो, तीन तारखा, बास.

आता फॉन्ट, कारण त्यावर बऱ्याच जणांनी विचारलंय. मीमच्या नेहमीच्या इम्पॅक्ट फॉन्टमध्ये देवनागरी नाही, जीटीएच्या लोगोवाल्या प्राइसडाऊनमध्ये पण नाही. जाड अक्षरासाठी मी बलू २ वापरतो, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, आपल्या मुंबईचाच. डार्क सोल्समध्ये मेल्यावर येणाऱ्या लाल अक्षरांसाठी तिरो देवनागरी मराठी घेतला, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. मूळ स्क्रीनवर अक्षरं जरा सुटी सुटी आहेत, पण देवनागरीत स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, म्हणून स्पेसिंगला हात न लावता साइज वाढवली. दुसरी कटकट काळ्या आउटलाइनची, दोन अक्षरं जिथे शिरोरेषेवर जुळतात तिथे आतून काळी रेघ दिसते. त्यावर इंकस्केपमध्ये टेक्स्टचा पाथ करायचा, सगळं सिलेक्ट करून युनियन मारायचं आणि मगच आउटलाइन द्यायची, एकदम साफ येतं. फोटोशॉपवाल्यांनी कंपोझर वर्ल्ड रेडीवर ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं भलतीकडे जातात. देवनागरी नीट दिसलीच पाहिजे यावर मी अजिबात तडजोड करणार नाही, आपला जोक आपल्या लिपीत तितकाच दणदणीत दिसायला हवा.

चौथा आहे ट्रेनवाला. सॅन अँड्रियासमधलाच सीन, सीजेचा मित्र बिग स्मोक मागे बसलाय, सीजे बाईक चालवतोय, बाजूने ट्रेन चाललीये, आणि मिशन फेल झालं की 'फक्त ट्रेनच्या मागे जायचं होतं, सीजे' हा त्याचा डायलॉग. तो मी दादरला आणलाय. डिसेंबर २०२३ ला प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, सेंट्रलचा एक नंबर आता आठ झाला, आणि अजून लोक फोनवर जुनाच नंबर सांगतात. तर बिग स्मोक आठवर उभा, सीजे वेस्टर्नच्या एकवर, आणि मधल्या ब्रिजवर संध्याकाळची सगळी दादर. यासाठी मला त्या ब्रिजचा वरून घेतलेला, कोणाचा चेहरा ओळखू येणार नाही असा फोटो हवाय, आडवा, आणि वरती टेक्स्टला जागा सोडून. कोणाकडे असेल तर पाठवा, टेम्प्लेटची फाईल लेयर्ससकट मी इथेच टाकतो.