तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रोड असताना हे धूड कशाला?

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनच मोजायचा तर इलेक्ट्रोड आहे की, मग मास स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे रेणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं, धूड कशाला पोसता? हे इतक्यांदा ऐकलंय की मी नुसती मान डोलवून पुढे जायला लागले होते. आज एकदाचं सांगून टाकते.

इलेक्ट्रोडशी माझं भांडण नाही. स्वस्त, गुणी, कुणालाही शिकवता येतो. पण तो फक्त शिल्लक सांगतो. जमा किती, खर्च किती, ते नाही. शैवालाच्या पेशी उजेडात ऑक्सिजन सोडतात आणि त्याच वेळी घेतातही. मला दोन्ही वेगवेगळं हवं असतं.

एकदा शैवालाच्या बंद कुपीत जड ऑक्सिजन विरघळवला होता, दोन्ही अणू १८ वस्तुमानाचे. पाणी साधं, त्यातला ऑक्सिजन १६ चा. म्हणजे पाणी फुटून निघेल तो ऑक्सिजन ३२ वर दिसणार, पेशी घेतील तो ३६ वरून घटणार. दिवा मंद ठेवला. तेवढ्याच उजेडात इलेक्ट्रोडची रेघ सपाट आली होती. शेजारचा म्हणाला, ‘झोपलंय सगळं.’ इकडे स्क्रीनवर ३२ चढतोय, ३६ उतरतोय, जवळपास सारख्याच वेगानं. तो बघायला वाकला आणि पंपाचा आवाज बदलला. दाबाचं गेज सरसर वर. पाणी आणि यंत्र यांच्यामधलं, फक्त वायू आत सोडणारं मेम्ब्रेन फाटलं होतं! सिलिकॉनचा पातळ पापुद्रा तो. एका बाजूला जिवंत पेशी, दुसऱ्या बाजूला निर्वात. तो गेला की पाणी थेट आत. झडप बंद करेपर्यंत यंत्रातली तापती तार, फिलामेंट, विझलं होतं, बाष्प गोठवून अडवणाऱ्या कोल्ड ट्रॅपमध्ये बर्फच बर्फ. महागडा वायू गेला, नोंद अर्धवट. ‘इलेक्ट्रोडचं असं होत नाही,’ शेजारचा म्हणाला. नाही होत, मान्य. त्याचाही पडदा फाटतो, पण बदलला की झालं.

होक आणि कॉक या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हे मेम्ब्रेनचं तंत्र मांडलं, तरी पापुद्रा अजून तेवढाच नाजूक.

त्या अर्धवट नोंदीवरून माझा वाद चालू आहे तो स्वतःशीच. तेव्हाची मी म्हणायची, ३६ ची उतरण म्हणजे श्वसन, विषय संपला. पण उजेडात ऑक्सिजन काय फक्त श्वसन करणारे मायटोकॉन्ड्रियाच घेतात? प्रकाशश्वसन आहे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडला जाणं; मेहलर अभिक्रिया आहे, म्हणजे प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनलाच मिळणं. शिवाय आत तयार झालेला ऑक्सिजन बाहेर न पडताच खर्च झाला, तर ३६ ला त्याचा पत्ताही लागत नाही. यावर तेव्हाची मी फणकारते, ‘मग सपाट रेघच बरी होती का?’ नव्हती. पण तिचंही पटत नाही.

आणि विचारायचंच असेल तर ४४ या वस्तुमानाबद्दल विचारा ना! तिथे कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड दोघंही एकाच जागी येऊन बसतात. यंत्रात नायट्रस ऑक्साइड फुटून ३० वर जो तुकडा दिसतो त्यावरून ओळखू म्हणावं, तर नायट्रिक ऑक्साइडही तिथेच.