तुम्ही विचारलंत म्हणून : पडद्यावरचा रंग कागदावर तसाच का उतरत नाही?

बेळगावात, शहापुरात, डीटीपीचे काम करू लागल्याला मला वीस वर्षे होत आली. लग्नपत्रिका घेऊन येणारे वधूपिते, अहवाल छापून घेणारी गणेशोत्सव मंडळे आणि वडगाव-खासबागचे विणकर या सगळ्यांनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला आहे : "कॉम्प्युटरवर इतका झकास दिसणारा रंग छापल्यावर मळकट का होतो?" कामाच्या गडबडीत त्याचे नीट उत्तर देणे क्वचितच जमले, म्हणून ते येथे लिहितो.

पडदा स्वतः प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे प्रकाश एकमेकांत मिसळले की रंग उजळत जातो आणि तिन्ही पुरेपूर लागले की पांढरा होतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नाही. खोलीतला उजेड शाईच्या थरातून कागदापर्यंत जाऊन परततो आणि जाता-येता शाई त्यातला काही भाग गिळून टाकते, त्यामुळे शाई वाढवली की रंग गडद होतो, उजळ कधीच होत नाही. शिवजयंतीच्या पत्रकावरचा भगवा पडद्यावर पेटल्यासारखा दिसतो; छपाईत तो पिवळ्या आणि मजेंटा (गडद गुलाबी) शाईच्या ठिपक्यांतून घडवावा लागतो आणि पडद्यावरची ती धग सायन (हिरवट निळी), मजेंटा, पिवळी व काळी या चार शायांच्या आवाक्यात नसते. मंडळाला तसाच भगवा हवा असेल, तर त्या रंगाची वेगळी शाई तयार करून पाचव्या प्लेटवरून (प्रत्येक शाईला छपाईचा एक पत्रा लागतो, त्याला प्लेट म्हणतात) छापावी लागते. खर्च वाढतो, पण भगव्यासाठी तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, निखळ सायन शाईचा रंग साध्या पडद्याला पूर्णपणे दाखवता येत नाही, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते.

मला हे सारे एका साडीने शिकवले. वडगावच्या एका विणकराचे माहितीपत्रक मी केले होते. गडद निळ्या साडीचे छायाचित्र आम्ही दोघांनी पडद्यावर पाहून पसंत केले, प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुना प्रत, न काढताच काम छापायला दिले आणि हजार प्रतींत ती साडी जांभळी होऊन आली. त्यांनी साडीची घडी पत्रकाशेजारी ठेवली आणि एवढेच म्हणाले, "ही आमची साडी न्हवं." चूक छापखान्याची नव्हती, माझी होती. भिंगातून पाहिले तेव्हा सायनच्या ठिपक्यांच्या जवळजवळ बरोबरीने मजेंटाचे ठिपके बसलेले दिसले. पडद्यावरचा निळा चार शायांत बदलताना मजेंटा असाच चढतो आणि निळा जांभळ्याकडे झुकतो. तेव्हापासून निळ्या रंगात मी मजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवतो.

मग करायचे काय? पडद्यासारखा कागद करण्याचा हट्ट सोडून, कागदावर काय येईल हे पडद्याकडून आधीच वदवून घ्यायचे. त्यासाठी पहिल्यांदा ब्राइटनेस उतरवावा. दुकानातून आणलेला मॉनिटर बहुधा फार प्रखर लावलेला असतो आणि छपाईच्या कामाला १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी उजळी पुरते. पडद्यावर टेकवायचे कॅलिब्रेशनचे, म्हणजे रंग मोजून पडदा प्रमाणात आणणारे, यंत्र मिळाले तर उत्तमच. त्यानंतर ज्या छापखान्यात काम जाणार, तेथे कोणते प्रोफाइल वापरतात ते विचारावे. प्रोफाइल म्हणजे अमुक यंत्र, अमुक शाई आणि अमुक कागद मिळून कोणते रंग देऊ शकतात याचा मोजून केलेला तक्ता. त्याची सामाईक पद्धत १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियमने घालून दिली. सॉफ्टवेअरमध्ये ते प्रोफाइल निवडून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, चालू केले, की भगवा डोळ्यांदेखत निवतो. ग्राहकाला तो निवालेला रंगच दाखवावा, मग तो नाराज झाला तरी चालेल.

कागदाचे भान तर सुटताच कामा नये. लेप दिलेल्या गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वर राहते, बिनलेपाच्या मॅपलिथो कागदात ती मुरते आणि ठिपका पसरतो, म्हणून तीच फाइल दोन कागदांवर दोन तऱ्हांनी छापून येते. आमच्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरून ताणतो, रंगावर रंग नेमका बसत नाही आणि शाई वाळायलाही वेळ लागतो. श्रावणातल्या कामाला म्हणूनच मी दोन दिवस जास्तीचे मागून घेतो.

शेवटी खरा कौल प्रूफचाच, तोही योग्य उजेडात पाहिलेल्या. छापील काम पाहण्यासाठी ५००० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा) प्रमाण प्रकाश ठरलेला आहे. तशा दिव्याची सोय नसेल, तर दिवसा उंबऱ्याशी यावे. धाग्याचा रंग आणि छपाईची शाई ही मुळात वेगळी द्रव्ये असल्यामुळे ट्यूबलाइटखाली जुळलेली जोडी उन्हात फुटू शकते. ते विणकर आजही माझ्याकडेच येतात. आता ते साडीचा तुकडा बरोबर आणतात, मी प्रूफ घेतो, आणि सही करण्याआधी आम्ही दोघेही दाराबाहेर जाऊन दोन्ही शेजारी धरून पाहतो.